जर्मनचा डबा आणि जर्मनचे पातेले

जुन्या जर्मन सैन्याची रणांगणावरील स्वयंपाकाची भांडी जमवावी, ती घासूनपुसून पूर्ववत करावी आणि काचेच्या कपाटात मांडावी, हा छंद युरोपात जुना आहे. चंद्रपुरातील एका घरी तो आम्ही नुकताच प्रत्यक्ष पाहिला. गृहस्थ आमचे एके काळचे विद्यार्थी. त्यांनी मोठ्या अगत्याने आम्हांस घरी नेले व "सर, हा बघा" म्हणून एक डबा आमच्या हाती ठेवला.

डबा 1931 सालच्या नमुन्याचा होता. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार. अंगाशी नीट लागावा म्हणून एका बाजूने आत वळलेला. झाकण उलटे केले की ताटलीही होते आणि तळणीही. खाली तारेची कडी, म्हणजे विस्तवावर टांगता येतो. बुडाशी कारखान्याचा छाप व 41 हा आकडा, म्हणजे 1941 साल. एका बाजूस कोणा शिपायाने टोकदार वस्तूने आपले नाव कोरले होते. हे सारे आमच्या यजमानांनी इतक्या बारकाईने समजावून सांगितले की आम्ही खरोखर प्रसन्न झालो. सैन्याच्या चाकांवरील चुलीचे चित्रही त्यांनी दाखविले. शिपाई तिला गुलाशची तोफ म्हणत, कारण तिचे धुराडे आडवे केले की ते तोफेच्या नळीसारखे दिसे. तिचे मोठे भांडे सुमारे 200 लिटरचे. ते दुहेरी भिंतींचे असून मधल्या पोकळीत ग्लिसरीन भरीत, म्हणजे आच एकसारखी लागे व अन्न बुडाशी करपत नसे. युक्ती उत्तम, यात संशय नाही.

परंतु निरोप घेऊन आम्ही मागल्या अंगणातून निघालो, तो तेथे भंगारवाल्याचा तराजू मांडलेला. पारड्यात एक पोचे पडलेले, काळेकुट्ट पातेले होते. चौकशी करता कळले की यजमानांचे वडील वनखात्यात होते. आलापल्लीच्या बाजूस सागाच्या जंगलात महिनोन्महिने तंबूत राहत, आणि त्या मुक्कामांत त्यांचा भात ह्याच पातेल्यात शिजत असे. झाडीपट्टीतील बाई अशा भांड्यास अ‍ॅल्युमिनियमचे म्हणत नाही. ती त्याला 'जर्मनचे' म्हणते. म्हणजे जर्मनचा एक डबा दिवाणखान्यात आणि जर्मनचे दुसरे भांडे तराजूत, असा प्रकार! व्योलरने बर्लिनमध्ये 1827 साली हा धातू वेगळा केला, हे ध्यानात घेतले तर नावही अगदीच अन्यायाचे नव्हे.

यावर आम्हांस उत्तर मिळाले ते असे : "त्यात पाहण्यासारखे काय आहे, सर? असली शेकडो मिळतात." मग तो डबा काय एकटाच जन्मास आला होता? तोही लाखांनी ओतला गेला. त्यास मोल आले ते दुर्मिळपणामुळे नव्हे. कोणी तरी त्याचा छाप वाचला, त्याचे साल ठरविले, त्यावरचे नाव पुसले नाही, म्हणून आले. हाच न्याय वडिलांच्या पातेल्यास का लावू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आणि वाचावयास तेथे थोडे नाही. तीन दगडांच्या चुलीवर वर्षानुवर्षे बसून बूड कोठे बसले, हे त्यावर दिसते. रानात स्वयंपाक करणारी बाई पातेले चुलीवर चढविण्यापूर्वी बुडास ओल्या मातीचा लेप देते, म्हणजे काजळी मातीवर धरते व भांडे लवकर निघते; ग्लिसरीनच्या युक्तीपुढे ही युक्ती आम्हांस उणी वाटत नाही. राखेने रोज घासल्यामुळे हा धातू झिजतो, कारण राखेतील क्षार त्यास खातो. तेव्हा काठ किती पातळ झाला यावरून भांड्याच्या वयाचा अदमास बांधता येतो. मे महिन्यात तेंदूची पाने तोडणारी कुटुंबे पहाटेच चूल पेटवितात, आणि सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधीत दिवस काढतात. माडिया माणूस वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पेज घेऊन रानात जातो. जर्मन शिपायाच्या पाण्याच्या बाटलीवरील लोकरी आच्छादनाचे कौतुक करणाऱ्याने हा तुंबा एकदा हाती घेऊन पाहावा!

चकचकीतपणाच्या हौसेविषयीही बोलणे प्राप्त आहे. आमच्या यजमानांनी डब्यावरील सारी काजळी खरवडून काढली होती. त्या काजळीबरोबर शिपायाच्या चुलीचा एकुलता एक साक्षीदार गेला. भांडे नवे दिसावे एवढाच हेतू असेल, तर नवेच का घेऊ नये?

शिवाय छाप वाचणाऱ्याने थोडे पुढेही वाचावे. ज्या 1941 सालाचा आकडा डब्यावर आहे, त्याच साली ह्या सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो 1944 पर्यंत चालला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. कपाटातील चिठ्ठीवर कारखान्याचे नाव आहे, नमुन्याचे साल आहे. ह्या भुकेविषयी एक अक्षर नाही. 1944 साली इटलीत जर्मनांशी लढताना पडलेले नाईक यशवंत घाडगे, किंवा 1945 साली तेथेच पराक्रम गाजविणारे शिपाई नामदेव जाधव, हे दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी व मराठा पलटणीचे. त्यांच्या पलटणीतील जेवणाचा डबा आमच्यापैकी किती जणांनी शोधला?

सामान्य वस्तू जमविणे हा वेडेपणा नव्हे, हे पुण्यात दिनकर केळकरांनी केव्हाच दाखविले. त्यांनी घरोघरची भांडी, दिवे, अडकित्ते गोळा केले आणि 1975 साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. त्या भांड्यांवर कोणा परकीय सैन्याचा शिक्का नव्हता.

ते पातेले आम्ही भंगारवाल्यास त्याच्याच भावाने पैसे देऊन घरी आणले आहे. घासलेले नाही. काठाखाली खिळ्याने ठोकलेली दोन अक्षरे आहेत. ती वडिलांची नव्हेत, असे यजमान म्हणतात. त्यांच्या मातोश्री आरमोरीस असतात. पुढल्या रविवारी पातेले घेऊन आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत, आणि यजमानांनीही बरोबर यावयाचे कबूल केले आहे.