गोल नेमका कोणाचा?

सामना संपला की खांद्यावर उचलला जातो तो गोल करणारा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोही त्याचाच. शाळेच्या बक्षीस समारंभातही बहुधा असेच होते. आम्हाला हा हिशेब अपुरा वाटतो. गोव्याच्या एका संघाचे उदाहरण घेऊन का ते सांगतो.

पणजीच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या आठ मोसमांत देशातील सर्वोच्च फुटबॉल साखळी पाच वेळा जिंकली. दोनदा नॅशनल फुटबॉल लीग, तीनदा आय-लीग. त्या काळात संघाचे नाव निघाले की आधी रँटी मार्टिन्स या नायजेरियन आघाडीवीराचे नाव येई. येणारच! २०११-१२ च्या एका मोसमात त्याने ३२ गोल केले.

पण आकडे नीट पाहा. २०१०-११ मध्येही सर्वाधिक गोल रँटीचेच होते, विजेतेपद मात्र साळगावकरला मिळाले. त्याआधी २००७-०८ आणि २००९-१० मध्ये सर्वाधिक गोल चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफा ओकोलीचे होते आणि त्या दोन्ही वर्षी विजेता ठरला धेंपो. पुढे रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. २०१२-१३ मध्ये तिथेही २६ गोलांसह तोच पहिला, पण त्या वर्षी ना प्रयाग जिंकला, ना धेंपो.

म्हणजे रँटीचे श्रेय काढून घ्यायचे का? मुळीच नाही. गोलासमोर डोके शांत ठेवणे ही मोठी विद्या आहे. चांगले पास वाया घालवणारे आघाडीवीर आपण कितीतरी पाहतो. आमचे म्हणणे इतकेच की बेटोचा पास, डावीकडून क्लिफर्ड मिरांडाची धाव, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्सने हिसकावलेला चेंडू, मागे महेश गवळी आणि समीर नाईक यांचा भरवसा, हे सारे त्या गोलांत आहे. आणि सर्वांत जास्त श्रेय आम्ही प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांना देऊ. पाचही विजेतेपदे त्यांच्याच हाताखालची. त्यांनी वर्षानुवर्षे बरीचशी तीच मुले एकत्र ठेवली. कोण कुठे धावणार हे एकमेकांना न बघता कळण्याइतकी सवय एका मोसमात होत नाही.

आपल्या मुलांना कबड्डीतून हे लवकर कळेल. टाळ्या चढाई करणाऱ्याला. पण तो बाद होऊन बाहेर बसला तर परत आत येतो कसा? मागच्यांनी पकड केली, गुण मिळाला, म्हणून. त्या पकडीत घोट्याला हात घालणारा एक, कंबर धरणारा दुसरा. गुण लिहिताना दोघांपैकी कोणाचे नाव घालायचे, यावर मैदानाबाहेर पालकांचेच वाद रंगतात. (मुले तोवर पाणी पिऊन पुढच्या डावाला तयार असतात.)

कोणी म्हणेल, ढाल एकच असते, नावही एकच हवे, मुलांना नायक लागतो. खरे आहे. पण दरवर्षी फक्त गोल मोजले तर पुढच्या वर्षी पास कोण देईल? प्रत्येक जण स्वतःच गोलावर फटका मारू पाहील. मग बचावाला उभे राहायला नाखूश असलेल्या मुलाला आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

विश्वस्त मंडळापुढे म्हणून आमची साधी मागणी आहे. शाळेच्या सामन्यांच्या वहीत गोल करणाऱ्याशेजारी पास देणाऱ्याचे नाव लिहावे, कबड्डीत पकडीतल्या दोघांचीही. वही क्रीडाशिक्षकांकडे न ठेवता आठवी-नववीच्या मुलांकडे द्यावी. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूला खेळ सर्वांत बारकाईने दिसतो, तेव्हा लिहिण्याचे काम त्यालाच द्यावे. आणि बक्षीस ठरवण्यापूर्वी ती वही एकदा उघडून वाचावी.