साहेबांना न विचारता

ऑफिसात ‘अर्जंट’ मेल आला की काय होतं? साहेबांना सीसी, त्यांच्या साहेबांना फॉरवर्ड, मग मीटिंग, मग चहा. म्हणूनच मला ‘स्विफ्ट’ भारी आवडतो. गाडी नव्हे हो! नासाने 20 नोव्हेंबर 2004 रोजी सोडलेला उपग्रह.

त्याचं काम गॅमा किरणांचे स्फोट पकडणं. एखादा महाकाय तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे आदळतात, तेव्हा काही सेकंद हा भडका उडतो. रिपीट टेलिकास्ट नाही! हवा गॅमा किरण अडवते, त्यामुळे पाहायचं तर अंतराळातूनच. 1967 मध्ये रशियाच्या चोरट्या अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना असा स्फोट पहिल्यांदा दिसला. पण पुढची तीस वर्षं हे स्फोट जवळचे की लांबचे, तेच कळेना. नेमकी जागा सापडेपर्यंत सगळं विझलेलं असायचं. 1997 मध्ये ‘बेप्पोसॅक्स’ने काही तासांत जागा गाठली, तेव्हा कळलं, हे प्रकरण आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरचं आहे.

काही तास म्हणजे तरी उशीरच की!

स्विफ्टची युक्ती झकास आहे. गॅमा किरण साध्या भिंगाने गोळा करता येत नाहीत. म्हणून वर शिशाच्या हजारो तुकड्यांची जाळी आणि खाली 32,768 छोटे डिटेक्टर. खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर कुठे पडली, यावरून ऊन कुठून येतंय ते कळतं ना? तसंच. उपग्रहावरचा कॉम्प्युटर सावलीवरून दिशा काढतो, सूर्य-चंद्र आड येत नाहीत ना ते बघतो आणि दीड मिनिटाच्या आत अख्खा उपग्रह तिकडे वळवतो. कोणालाही न विचारता! खाली शास्त्रज्ञांना निरोप जातो, तोवर हा कामाला लागलेला.

19 मार्च 2008, बुधवार. आपल्याकडे सकाळचे पावणेबारा, म्हणजे आपण लंच कधी होतोय याची वाट बघत होतो. भूतप तारकासमूहात असाच एक स्फोट झाला. अर्ध्या तासापूर्वी जवळच झालेल्या दुसऱ्या स्फोटामुळे चिलीतले कॅमेरे तिकडे रोखलेलेच होते, नशीब बघा! अर्धा मिनिटभर तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका तेजस्वी होता. अंतर साडेसात अब्ज प्रकाशवर्षं. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीच नव्हती!

यात आपलाही वाटा आहे बरं का. 2015 मध्ये इस्रोने सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर तशाच जातीचे डिटेक्टर आहेत. ते स्फोट किती वेळ चालला, किती जोराचा होता हे तर मोजतातच, शिवाय किरणांच्या लहरी कुठल्या दिशेने डोलतात हेही सांगतात. त्यांची माहिती येते पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’त. 2022 पर्यंत त्यांच्या वहीत 500 स्फोट जमा झाले होते. गणेशखिंडीच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवत आपण त्याच आवारावरून जातो.