समुपदेशकांची उजळणी कोण घेणार?

जालना जिल्ह्यात मानसिक आरोग्याचे काम करणारी माणसे कमी आहेत, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. पण जी आहेत त्यांना नेमणुकीनंतर कोण शिकवते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात जालना होता. आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची, खचलेला माणूस हेरायचा आणि त्याला जिल्हा रुग्णालयातील पथकापर्यंत पोहोचवायचे, अशी ती रचना. ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यासाठी ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालयही मंजूर झाले. म्हणजे पदे वाढत जाणार. पण त्या पदावरच्या माणसाचे शिकणे रुजू होण्याच्या दिवशीच थांबणार असेल, तर नुसती पदे वाढवून काही हाती लागणार नाही.

हे काम जवळून कसे असते ते पाहावे. मंठ्याचा किंवा भोकरदनचा शेतकरी समुपदेशकासमोर बसून ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, असे तो सांगतो. तोवर दोन दवाखाने झालेले असतात, सलाईन लावून झालेले असते, बहुधा एखाद्या बुवाकडेही जाऊन आलेला असतो. अशा वेळी समुपदेशकाला सरळ विचारता आले पाहिजे, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ नवखा माणूस इथेच कचरतो. आपण विचारले तर नको ते डोक्यात भरेल, अशी भीती त्याला वाटते. आजवरच्या संशोधनात या भीतीला आधार सापडलेला नाही, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर फवारणीचे औषध घरात कुठे असते, ते कुणाच्या ताब्यात द्यायचे, घरातल्या कुणाला विश्वासात घ्यायचे आणि पुढचा फोन कधी करायचा, हे सगळे तिथल्या तिथे ठरवावे लागते. हे कौशल्य पुस्तकातून एकदा वाचून अंगी भिनत नाही, आणि भिनले तरी वापरात चूक झाली तर ती दाखवून देणारे कुणी नसल्यास तीच चूक सवय होऊन बसते.

अनुभवाने माणूस आपोआप शिकतो, असे यावर म्हटले जाईल. ते गृहीत तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेत १७० मानसोपचारकांच्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती अभ्यासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षे वाढली तसा उपचारांचा परिणाम सरासरीने सुधारला नव्हता, किंचित घसरलाच होता. बरे, मग कार्यशाळा घ्याव्यात का? व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या १४० व्यावसायिकांवरचा २००४ चा अभ्यास सांगतो की दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकलेले काही महिन्यांत विरते. ज्यांच्या कामाची ध्वनिमुद्रणे ऐकून नंतर प्रतिसाद दिला गेला किंवा मार्गदर्शन झाले, त्यांचे मात्र टिकले. आपल्याकडे ‘प्रशिक्षण’ म्हटले की सभागृह, पाहुणे, पीपीटी आणि शेवटी प्रमाणपत्र एवढेच डोळ्यांसमोर येते. म्हणून हा फरक मला कळीचा वाटतो.

आणि हे फक्त श्रीमंत देशांना जमते असेही नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर हे प्रमाण ३९ टक्के होते. हे समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसत, एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकत, ठरलेल्या कसोट्यांवर गुण देत आणि कुठे घाई झाली, कुठे उगाच उपदेश झाला ते बोलून दाखवत. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असेही याच गटाच्या कामातून दिसले. प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ मिळणार नाही, तिथे ही गोष्ट फार मोलाची आहे.

एक आक्षेप मात्र मनापासून ऐकण्यासारखा आहे. शेतकऱ्याचे दुखणे मनाचे नसून सोयाबीन-कापसाच्या भावाचे आणि कर्जाचे आहे, मग समुपदेशन कशाला? भाव आणि पीकविमा यांची जागा समुपदेशनाने घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने काय केले ते पाहा. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरीही कर्ज तसेच असताना माणसे मदत मागायला पुढे आली, एवढे त्यातून नक्की कळते.

आधी रिकाम्या जागा भरा, शिक्षणाचे मग पाहू, असेही कुणी म्हणेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी त्यात दहा वर्षांची मुदत आहे. ती २०२८ मध्ये संपते. भरती हवीच. पण कंत्राटी पगारावर, एकट्याने, रोज मरणाच्या गोष्टी ऐकणारा समुपदेशक टिकायचा असेल, तर त्याचेही ऐकणारे कुणी लागते. नियमित मार्गदर्शनाची बैठक ते कामही करते. डॉक्टरांना नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात, २०२१ च्या कायद्याने समुपदेशकही नोंदणीच्या चौकटीत आले आहेत. तिथेही फक्त हजेरीचे गुण मोजले गेले तर तो कागदी कारभार होईल, ही भीती रास्त आहे. त्यासाठीच गुण हजेरीला न देता तपासलेल्या कामाला द्यावेत.

जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या मानसोपचार विभागाकडे जिल्ह्यातल्या सर्व समुपदेशकांच्या मार्गदर्शनाची जबाबदारी लेखी आदेशाने द्यावी. अंबड, घनसावंगी, परतूर, जाफराबादची माणसे महिन्यातून एकदा तिथे यावीत, मधल्या आठवड्यांत फोनवर एकत्र बसावीत. रुग्णाची संमती घेऊन आणि ओळख झाकून दोन प्रकरणांवर मराठीत चर्चा व्हावी. तो दिवस कामाचा धरला जावा, प्रवासभत्ता मिळावा आणि आशाताईंना बोलावले तर त्यांचा मोबदला बुडू नये. मनोरुग्णालयाच्या आराखड्यात प्रशिक्षण कक्ष आणि त्यासाठीची दोन कायम पदे आत्ताच धरली पाहिजेत. इमारत उभी राहिल्यावर ती मिळवायला पुन्हा मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.