निवड झाली, पुढे काय?

पंजाबातल्या बल्लो के गावचा बास्केटबॉलपटू सतनामसिंग भामरा २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत दाखल झाला, तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघानं त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडला गेलेला तो पहिलाच भारतीय. पुढं मात्र दुय्यम लीगमधल्या टेक्सास लेजंड्सकडून खेळावं लागलं. एनबीएचा एकही सामना वाट्याला आला नाही. निवड ही उमेदवारीची केवळ सुरुवात असते. आपल्या येवल्याशेजारच्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला, त्यामुळे इथल्या मुलांना मोठ्या मैदानांची स्वप्नं परकी नाहीत. खरा प्रश्न निवडीनंतरचा आहे. म्हणूनच या अंकात आम्ही पदकांपेक्षा करार, भाषा, आहार आणि दुखापतींवर भर दिला आहे.