पंचवार्षिक निवडणूक की सरकारी सोय?

ज्या सातारा शहरात १८५३ साली नगरपालिका स्थापन झाली, त्या शहराला एकविसाव्या शतकात सुमारे चार वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना काढावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये मुदत संपली. पुढील मतदान उजाडले डिसेंबर २०२५ मध्ये. शेजारच्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये प्रशासक आला आणि नागरिकांना मतदान करता आले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. कर मात्र या काळात एक दिवसही थांबला नाही.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीचा दंडक स्वच्छ आहे. सभागृहाची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक. मग अडले कुठे? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये घातलेल्या अटी पूर्ण करण्यात विलंब झाला, पाठोपाठ प्रभागरचनेचा घोळ आला. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयालाच निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. घटनेचे कर्तव्य न्यायालयाने कान धरल्यावरच पार पाडायचे, ही कोणत्याही राज्यकर्त्याला भूषणावह गोष्ट नव्हे.

आरक्षणाचा तिढा न्यायालयीन होता असे मानले, तरी प्रभागांच्या खेळाचे समर्थन कसे करणार? राज्यातील महापालिकांत २००७ साली एकसदस्यीय प्रभाग, २०१२ साली द्विसदस्यीय, २०१७ साली चारसदस्यीय! २०१९ मध्ये पुन्हा एकसदस्यीय ठरले, २०२१ मध्ये त्रिसदस्यीय आणि प्रत्यक्ष मतदान झाले ते चारसदस्यीय पद्धतीने. नगराध्यक्षाचीही तीच गत. २००१ साली थेट जनतेतून, २००६ मध्ये ते रद्द, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट. सरकार बदलले की नियम बदलतो, याचा अर्थ नियम मतदारासाठी नसून सत्ताधाऱ्याच्या गणितासाठी आहे.

या गणिताचा फटका सांगलीने अनुभवला आहे. २०१८ साली वीस प्रभागांतून ७८ नगरसेवक निवडून आले. गटार तुंबले तर नागरिकाने चौघांपैकी कोणाचे दार ठोठवावे? प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, अशी ही रचना. त्या सभागृहात भारतीय जनता पक्षाचे ४१ सदस्य होते, म्हणजे स्पष्ट बहुमत. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये महापौरपद राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेले, कारण कमळावर निवडून आलेल्यांपैकी काहींनी जनादेश वाऱ्यावर सोडला. चौघांच्या गर्दीत निवडून आलेल्याला मतदाराच्या नजरेचा धाक उरत नाही, तेव्हा असेच घडते.

साताऱ्यात वेगळा धडा आहे. तेथे वर्षानुवर्षे सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडी ही राजघराण्यातील दोन नेत्यांची दोन केंद्रे होती. २०१६ च्या ४० सदस्यांच्या सभागृहात ती समोरासमोर बसली. हद्दवाढीनंतर सदस्य ५० झाले आणि २०२५ मध्ये दोन्ही नेते एकाच चिन्हाखाली आले. ऐक्य स्वागतार्हच, पण सभागृहात प्रश्न विचारणारा क्षीण झाला की जाब विचारण्याची जबाबदारी नागरिकांवर येते.

बहुसदस्यीय प्रभागाविना महिला व मागासवर्गीयांना न्याय मिळणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक, आणि निम्म्या जागा महिलांना राखीव. मुंबईला जे जमते ते सांगलीला का जमू नये?

प्रभाग आखण्याचा अधिकार मार्च २०२२ मध्ये सर्वपक्षीय एकमताने निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेण्यात आला. तो आयोगाला परत मिळाला पाहिजे, आणि पद्धत एकदाच ठरवून स्थिर केली पाहिजे. ही मागणी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या पक्षाच्या नेत्यांपुढेही निर्भयपणे मांडावी. खेळाडूच मैदानाच्या रेषा आखू लागला, तर पंचाने शिट्टी तरी कशाला वाजवायची?