उसन्या बुटांची कीर्ती

निवृत्त फुटबॉलपटूची कीर्ती हल्ली फॉलोअर आणि जाहिरातींवर मोजतात. मग ज्युस्त फाँतेनचं काय करायचं? 1958च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात फ्रान्सच्या या गड्याने सहा सामन्यांत 13 गोल ठोकले, तेही सहकाऱ्याचे उसने बूट घालून! त्याच स्पर्धेत सहा गोल करणारा पेले घराघरांत पोचला. फाँतेनचा पाय दोनदा मोडला आणि 28व्या वर्षी खेळच संपला. पोस्टरं पेलेचीच लागणार, त्यात गैर काही नाही. पण विश्वचषकात कुणी सहा-सात गोलांवर गेला की समालोचकाला फाँतेनचं नाव घ्यावंच लागतं. माझ्या लेखी हे माप जास्त भरवशाचं. मेस्सीला 13 गाठायला पाच विश्वचषक लागले.