पिशवी काढणे : उपचार की खाडा वाचवण्याचा उपाय?

दसरा जवळ आला की आपल्या बीड जिल्ह्यातील दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "डॉक्टर, पिशवी काढूनच टाका. कटकट तरी मिटंल." बोलणारी बाई बहुधा तिशीच्या आतबाहेरची असते. दोन-तीन मुले झालेली, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आणि महिनाभरात ऊसतोडीला निघायचे असते. तक्रार विचारावी, तर अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत जास्त जाते.

यांपैकी बहुतेक तक्रारी गोळ्यांनी बऱ्या होतात. पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असते. योग्य तपासणी झाली, औषधाचा कोर्स पूर्ण केला आणि गरज असेल तेथे नवऱ्यानेही औषध घेतले, तर ते थांबते. पाळीतील जादा रक्तस्रावावरही औषधे आहेत. "पांढरे जाते म्हणजे पुढे कॅन्सर होणार" ही भीती निराधार आहे. कॅन्सर, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा कारणांसाठी गर्भाशय काढावे लागते, हे खरे. पण तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आपल्याकडे तो पहिला झाला आहे. २०१९ मध्ये हा प्रश्न गाजल्यावर शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते.

असे का होते? बाई अडाणी आहे म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. पण तिचा हिशेब पाहा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडाले की खाडा, तोही अनेक ठिकाणी पाचशे रुपयांपर्यंत. पाळी आहे म्हणून सुट्टी नाही. कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही, पुरेसे पाणी नाही. पहाटेपासून उसाच्या मोळ्या डोक्यावर. आजार तेथे वाढतो आणि दवाखान्यात जायचे म्हटले तरी खाडाच पडतो.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. माझे म्हणणे नेमके येथेच आहे. गरीब बाईला कर्ज काढून मोठी शस्त्रक्रिया मिळते, पण साधी तपासणी आणि आठवड्याच्या गोळ्या मिळत नाहीत.

कोणी म्हणेल, "बाई स्वतःच मागते, त्याला डॉक्टर काय करणार?" सगळी दारे बंद असताना उघड्या असलेल्या एकाच दारातून कोणी गेले, तर त्याला निवड म्हणत नाहीत. शिवाय कटकट मिटत नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोश काढले, तर तिशीतच पाळी गेल्याचे सारे त्रास सुरू होतात. अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि ऑपरेशनचा खर्च उचलीत मिळवला, की तो फेडायला पुन्हा कोयताच!

२०१९ नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले. हे योग्यच झाले. मात्र परवानगीच्या कागदाने चुकीचे ऑपरेशन थांबेल, बाईचे पांढरे जाणे थांबणार नाही. त्यासाठी टोळी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर गावातच तपासणी हवी. कारखान्याच्या परिसरात ठरलेल्या दिवशी तळावर जाऊन औषध देणारी परिचारिका हवी. आणि आजारपणाचा व पाळीचा खाडा बंद व्हायला हवा. कारखाना आणि मुकादम यांना हे अशक्य नाही.

माझ्या भगिनींनी पिशवी काढण्यास होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत. मला नेमका कोणता आजार आहे? औषधाने बरा होऊन पाहिला का? बीजकोश ठेवणार की काढणार? शक्य तर सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्यावे. तेथे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही मोफत होते. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जात राहणे, ही लक्षणे मात्र कधीही अंगावर काढू नयेत.

आपल्या चहातील साखर गोड लागते. ती तोडणाऱ्या बाईला आठवड्याच्या गोळ्याही वेळेवर मिळू नयेत, हे जिल्ह्याला शोभणारे नाही.